ज्याच्यावर गोल, त्याचा चहा

रविवार, २७ एप्रिल

जिंकलो! आमची गिरणीची टीम फुटबॉल लीगच्या फायनलमध्ये गेली. आणि समोर कोण, तर गोदी. काल त्यांनी सेमीफायनल मारली तेव्हाच मी कपाळाला हात लावला होता, कारण गोदीचा कट्टर भक्त माझ्याच घरात राहतो. म्हणजे खरं तर मीच त्याच्या घरात राहते. माझे सासरे. उभा जन्म गोदीत क्रेन चालवली, अजून झोपेत माल उतरवतात. मी गिरणीवाल्यांच्या गल्लीत वाढलेली. माझ्या वडिलांनी मला चालायला शिकवायच्या आधी ऑफसाइड शिकवला असणार.

जेवताना बाबा, म्हणजे सासरेच, म्हणाले, "मीठ दे."

"समोरच आहे."

"दिसलं असतं तर मागितलं असतं का?"

ते मात्र खरं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर सांगून सांगून थकले, पण डोळ्यात सुरी घालून घेणार नाही हा यांचा हेका. मॅच लागली की टीव्हीसमोर बसतात आणि मी सांगायचं: बॉल कुणाकडे, कोण पडलं, कुणी पाडलं. गोदीच्या माणसानं फाउल केला की मी जरा रंगवून सांगते. त्यांना कळतं. "मीठमसाला कमी," म्हणतात.

या घरात एक कायदा आहे, माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचा. ज्याच्यावर गोल, त्यानं उठून सगळ्यांना चहा करायचा. मॅच चालू असतानाच करायचा, तोच तर दंड. माझा नवरा होता तेव्हा दोन्हीकडचा चहा तोच करायचा. बापाला सांगायचा मी गोदीचा, मला सांगायचा मी गिरणीचा, आणि गोल कुणावरही होवो, "झाला माझ्यावर" म्हणत हाच उठायचा. आता बाबांवर गोल झाला तरी मीच उठते. त्यांना कुठला चहा करता यायला! साधं अंडं उकडता येत नाही.

म्हणून तर मी इथं आले. तो गेला त्यानंतर मी आमच्या भाड्याच्या खोल्यांत एकटी होते. काय करत होते कोण जाणे, बहुतेक पडूनच असायचे. बाबा रोज फोन करायचे, मी उचलायचे नाही. एक दिवस त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंचा फोन आला. सासऱ्यांनी अंडी गॅसवर ठेवली आणि विसरले, पातेलं जळालं, घरभर धूर. मी होते तशी उठून आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, वर किल्ली आत आणि हे बाहेर. मग म्हटलं, हे काही खरं नाही. चंबूगबाळं आवरलं आणि इथंच राहायला आले. कुणीतरी लक्ष ठेवायला नको का?

बुधवार, ३० एप्रिल

संध्याकाळी उस्तादांचा फोन. यांच्याच हाताखाली मी कवळ्या करायला शिकले. प्लास्टरचा साचा, त्यावर मेणाची हिरडी, मग एकेक दात त्यात बसवायचा. उस्ताद आता समुद्राकाठच्या एका गावात स्वतःची लॅब काढताहेत. "दात बसवायचा सगळा विभाग तुझ्या हाताखाली," म्हणाले. "तुझ्यासारखा हात मला दुसरा माहीत नाही." मेअखेरपर्यंत कळव म्हणाले.

मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, जमायचं नाही. आगगाडीनं अख्ख्या दिवसाचा प्रवास. इथं बाबांना कोण बघणार?

"विचार कर जरा. नाही म्हणायला फार घाई केलीस."

फोन ठेवला तर बाबा दारात उभे. एरवी हाका मारून माझा घसा सुकतो.

"कोण होतं?"

"राँग नंबर."

"राँग नंबरला तू उस्ताद म्हणतेस?"

रविवार, ४ मे

सकाळपासून बाबांच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. दोनदा स्वयंपाकघरात येऊन काही न बोलता परत गेले. तिसऱ्यांदा आले आणि स्टूल ओढून बसलेच.

"पैज लावू. फायनलवर. गोदी जिंकली तर तू उस्तादाकडे जायचं. मुकाट्यानं. रडारड नाही, बाबांचं कसं होईल नाही."

माझ्या हातातला कांदा हातातच राहिला. "आणि गिरणी जिंकली तर?"

"तर तू म्हणशील ते."

मी क्षणभरही विचार केला नाही. "डोळे. दोन्ही. ऑपरेशन."

मला वाटलं आता भडकतील. तर हसायलाच लागले. बराच वेळ हसले, मग म्हणाले, "तूही कमाल आहेस गं पोरी. दोन्ही दारं एकाच अंगणात उघडलीस." त्यात हसण्यासारखं काय होतं, मला अजून कळलेलं नाही. डोळे नीट झाले तर त्यांचंच भलं आहे.

हातावर हात मारून पैज पक्की केली. नंतर भांडी घासताना मात्र डोळे भरून आले. एवढी जड झाले मी? सरळ तोंडावर सांगावं ना की बाई, आता पुरे. त्यासाठी लीगची फायनल कशाला वेठीला धरायची?

गुरुवार, ८ मे

लॅबमध्ये आज भलतंच करून बसले.

एका म्हाताऱ्या गृहस्थांची वरची कवळी होती. पुढचे दात मेणात बसवत होते, हात आपला चालत होता, डोकं कुठंतरी. कवळ्या घासून चकचकीत करणारी आमची पॉलिशवाली शेजारून वाकून म्हणाली, "ताई, यांचे असेच होते का?" बघते तर पुढच्या दोन दातांतला डावा उजव्यावर जरासा चढलेला. चिठ्ठीत तसलं काहीच नव्हतं. ते माझ्या नवऱ्याचे दात होते. काही लपवायचं असलं की तो तिथं जीभ लावायचा, आणि मी लगेच पकडायचे.

कुणा परक्या माणसाच्या तोंडात मी त्याचं हसू बसवत होते.

पॉलिशवालीनं काही न विचारता दिवा पेटवून पुढे सरकवला. मी मेण मऊ केलं आणि दोन्ही दात सरळ केले. छान झाली कवळी. अगदी कुणाचीही वाटेल अशी. जेवणाच्या सुट्टीत तिनं आपल्या डब्यातलं अर्धं मला वाढलं आणि स्वतःच्या सासूच्या नकला करून दाखवत बसली. गुणी पोरगी आहे.

बाबांना यातलं काही सांगितलं नाही. त्याचं नाव निघालं की ते टीव्हीचा आवाज वाढवतात. पुरुषांचं बरं असतं, लवकर सावरतात.

मंगळवार, १३ मे

शिवणवाल्या काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्या सासऱ्यांच्या हाताला काय चव आहे हो! परवा मला ताप होता तर सूप करून आणून दिलं. वर म्हणाले, भांडं घाईनं परत नको, सुनेला कळायला नको."

मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचे सासरे असतील. काकूंचा ताप अजून उतरलेला दिसत नाही.

घरी येऊन बाबांना विचारलं. "त्या बाईला तापात काहीही दिसतं," म्हणाले आणि लगेच, "माझा चष्मा कुठं गेला गं?"

कपाळावर होता. मी नसते तर या माणसाचं काय झालं असतं, देव जाणे.

शनिवार, १७ मे

उस्तादांचा पुन्हा फोन. मी सांगितलं, पंचवीस तारखेपर्यंत थांबा, फायनलवर ठरणार आहे. ते म्हणाले, बरं. मग म्हणाले, "म्हाताऱ्याच्या डोळ्यांचं काय? अजून सुरीला घाबरतो?" हे मी त्यांना कधी सांगितलं ते आठवत नाही. बोलण्याच्या ओघात सांगितलं असेन.

फोन ठेवता ठेवता मी विचारलं, लॅबला खिडकी आहे का. इथं आम्ही तळघरात, ट्यूबलाइटखाली. ट्यूबलाइटमध्ये दाताचा रंग कधी खरा कळत नाही. पिवळट घेतला तर राखाडी निघतो.

"भली मोठी. समुद्राकडे. सकाळी दिवा लावावा लागत नाही."

उगाच विचारलं. जायचं थोडंच आहे!

बुधवार, २१ मे

गल्लीभर पताका. कोपऱ्यावरच्या पाववाल्यानं अर्धं दुकान लाल केलंय, अर्धं हिरवं. लाल गोदीचं, हिरवं आमचं. "धंदा दोन्हीकडचा आहे ताई, मी कुणाशी वाकडं घेऊ?" उजव्या दारानं आत गेलं की "गिरणी झिंदाबाद", डाव्या दारानं बाहेर पडलं की "गोदी झिंदाबाद". याच्यासारखं निगरगट्ट होता आलं पाहिजे.

आज काम करताना ती खिडकी तीन-चार वेळा डोक्यात आली. तिथं टेबल कसं ठेवीन, प्रकाश डावीकडून घेतला तर बरा. मग स्वतःची लाज वाटली. आंधळ्या म्हाताऱ्याला टाकून मी टेबलं मांडत बसलेय. गिरणीच जिंकली पाहिजे. सगळ्याच दृष्टीनं तेच बरं. डोळेही होतील आणि जायचंही नाही.

शनिवार, २४ मे

आज बाबांनी आपणहून त्याचा विषय काढला. पहिल्यांदाच.

"खरं सांग. तो कुणाचा होता? गोदीचा की गिरणीचा?"

उद्या फायनल. आदल्या दिवशी म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा? मी म्हटलं, "तुमचाच हो. गोदीचा."

"खोटारडी!" म्हणाले. "पाच वर्षांचा होता तेव्हापासून गिरणीचा होता. मला वाईट वाटू नये म्हणून लाल मोजे घालायचा. मी त्याचा बाप आहे, मला कळत नव्हतं होय?"

इतकी हसले मी, की खुर्चीची कडा धरावी लागली. तेही हसले. मग त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. साबणाची जाहिरात चालली होती.

रविवार, २५ मे

सगळं नीट लिहून ठेवते.

शिट्टीच्या आधी आपापल्या जागा धरल्या. बाबा डावीकडच्या खुर्चीत, मी उजवीकडच्या. खिडक्या सताड उघड्या, कारण गल्लीचा आवाज पाहिजे असतो त्यांना. म्हणतात, तू खोटं सांगशील, गल्ली नाही सांगणार.

पहिल्या हाफमध्ये गोदीनं कॉर्नरवरून गोल केला. मी तोंड उघडायच्या आत गल्लीनं सांगून टाकलं. "चहा!" काय आनंद त्या आवाजात! मी आपटत गेले, आपटत केला.

"साखर कमी आहे."

"गोल मिळाला ना? पुष्कळ झालं."

दुसऱ्या हाफमध्ये आमची पोरं पार गळाली. माझं सांगणंही थंडावलं. "कुणाकडे आहे?" "तुमच्याकडे." "आता?" "तुमच्याकडेच. सारखा तुमच्याकडेच आहे, मेला." आणि मग, अगदी संपता संपता, आमचा तो उजव्या विंगचा लांबडा, ज्याच्या नावानं मी सीझनभर बोटं मोडली, त्यानं कुठून कोण जाणे एक असला क्रॉस टाकला! आमच्या बुटक्या फॉरवर्डनं उडी मारली, डोकं लावलं, आणि गोल! मी खुर्चीवर उभी. रीप्ले दाखवतील तितक्या वेळा नव्यानं किंचाळत होते.

तेवढ्यात कुणीतरी हातात चहाचा कप दिला. मी घोट घेतला. फक्कड होता. साखर माझ्या मापाची, दूध मला लागतं तसं जरा पुढे. दुसरा घोट घेतला, आणि मग लक्षात आलं की घरात तिसरं माणूसच नाही.

बाबा आपल्या कपावर फुंकर घालत बसले होते. आपल्यावर गोल झाला, दंड भरायचा, उठले, केला, आणला. मॅचच्या नादात भान राहिलं नाही. मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर त्यांची फुंकरही थांबली.

"बाबा, हा कुणी केला?"

"पाणी... उकळतच होतं वाटतं."

"कुणी ठेवलं होतं उकळत?"

"बघ बघ, एक्स्ट्रा टाइम सुरू झाला."

त्या एक्स्ट्रा टाइममध्ये काय झालं ते मला कुणी विचारू नका. जळकं पातेलं, आत राहिलेली किल्ली, कपाळावरचा चष्मा, काकूंचं सूप, सगळं एकेक करून डोक्यात येऊन बसत होतं. इतके महिने हा माणूस वेड पांघरून पेडगावला निघालाय, आणि मी मागून त्याची पिशवी धरून चाललेय! असा संताप आला, की मी मॅच सांगणंच बंद केलं. ते विचारत राहिले, कुणाकडे, कुणाकडे. मी म्हटलं, "ज्याला चहा करता येतो त्याला दिसतही असेल."

"ते नाही गं दिसत," म्हणाले. "ते खरंच नाही दिसत."

इतक्या बारीक आवाजात म्हणाले की मला पुन्हा सांगायला सुरुवात करावीच लागली.

मग पेनल्टी. दोन्हीकडचे पहिले चारही आत. गोदीच्या पाचव्यानं मारला तो वरच्या दांडीवर आदळून बाहेर. बाबांना सांगितलं. आता आमचा कॅप्टन. "यानं घातला की संपलं," मी म्हटलं. "आम्ही चॅम्पियन."

त्यानं बॉल ठेवला, मागे सरकला. डोळ्यांसमोर काय यावं? ट्रॉफी नाही, हिरवे झेंडे नाहीत. ती खिडकी. मी न बघितलेली. आणि माझ्या तोंडून निघालं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं:

"अडव रे! अडव त्याला!"

गोदीच्या गोलकीपरला ओरडत होते मी. मी! गिरणीच्या गल्लीत जन्मलेली!

आणि त्याच वेळी शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "जाऊ दे आत! देवा, जाऊ दे रे आत!"

गोल झाला.

गिरणी चॅम्पियन. लहानपणापासून ज्याची वाट बघितली ते झालं. खाली लोक डबे बडवत होते, पाववाला कुणाच्या तरी खांद्यावर होता. आणि मी तोंडाला हात लावून ढसाढसा रडत होते. त्यात आनंद नव्हता, आणि ते त्यांना न दिसताही कळलं.

बाबांनी चाचपत टीव्ही बंद केला. "आमच्या गोलकीपरला ओरडलीस तू."

"तुम्ही आमच्या कॅप्टनला."

"हो."

"का?"

"तू गेलीस तर घर खायला उठेल म्हणून. पैज लावली तेव्हा मोठा शहाणा होतो. त्यानं बॉल ठेवला आणि सगळं शहाणपण गेलं. म्हटलं, घाल रे बाबा, पोरगी राहू दे."

"मग मला घालवायला का बसला होता? आणि हे सोंग कशाला? मी वेडी म्हणून धावतपळत घरी येते रोज, म्हाताऱ्यानं हात भाजून घेतला नसेल ना म्हणून!"

"तू उठतच नव्हतीस गं," म्हणाले. "फोन करून थकलो. मी म्हटलं, स्वतःसाठी उठत नाही, माझ्यासाठी तरी उठेल. दोन पातेली गेली त्यात, पण उठलीस. कामावर जायला लागलीस, माझ्याशी भांडायला लागलीस. मला किती बरं वाटलं! पण मग तू इथंच बसलीस. माझा चष्मा शोधत. ते काही मी ठरवलं नव्हतं."

खालचे डबे चालूच होते.

मग मी म्हटलं, पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं, "बाबा, मला जायचंय." मला वाटलं होतं, असं म्हटलं की काहीतरी मोडून पडेल. काही पडलं नाही. "मला माझा विभाग पाहिजे. उजेडात बसून काम करायचंय. आणि तुम्हालाही सोडवत नाही. आता सांगा, काय करू?"

"जा."

"पण पैज मी जिंकले. जायची सक्ती नाही."

"मग? जिंकलेल्या माणसाला काय घरी बसवतात?"

मी रडता रडता हसले. ते म्हणाले, "हरलो मी आहे. सुरी तर सुरी, घे एकदाची तारीख." ट्रॉफी कुणी उचलली, भाषणं काय झाली, काही बघितलं नाही. आमच्या गल्लीतल्या कुणालाही हे सांगायची सोय नाही.

सोमवार, २६ मे

उस्तादांना फोन केला. येते म्हटलं. बाबा शेजारीच उभे होते, मान हलवत, जसा काही फोन तेच करताहेत.

"चला, म्हाताऱ्याचं काम फत्ते," उस्ताद म्हणाले.

"कुणाचं?"

"तुझं, तुझं. तुझं म्हणायचं होतं."

वय झालं उस्तादांचंही. पॉलिशवालीला सांगितलं तर ती आधी रडली, मग माझं टेबल मिळेल का विचारलं.

गुरुवार, १२ जून

आज उजवा डोळा झाला. डावा पुढच्या महिन्यात, तेव्हा मी सुट्टी काढून येईन. मधल्या दिवसांत औषधाचे थेंब काकू घालणार आहेत. सूप फुकट मिळतं म्हटल्यावर त्यांची ना कशाला असेल?

आत नेताना बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. डॉक्टर निघाले गिरणीवाले. "आधी कळलं असतं तर मी जिना चढलोच नसतो," हे टेबलावर आडवं होता होता. डॉक्टर म्हणाले, "आता माझ्या हातात सुरी आहे, जपून बोला." बाहेर बाकावर बसून मी एकटीच हसत होते, लोक बघत होते.

शनिवार, १४ जून

काल पट्टी सुटली. तेव्हापासून बाबा घरभर हिंडताहेत, एका डोळ्यानं सगळ्याची तपासणी चालली आहे. हा पडदा निळा आहे? मला वाटत होतं तपकिरी. भिंतीला पोपडे कधी धरले? या कपाचा कान कुणी तोडला? मी म्हटलं, ऑपरेशन करून मी चूक केली.

दुपारी मी बॅग भरत होते. ते दारात येऊन उभे राहिले आणि नुसते माझ्याकडे बघत राहिले.

"काय झालं?"

"हा शर्ट."

मी खाली बघितलं. माझ्या नवऱ्याचा चौकड्यांचा शर्ट. घरी आले की मी तोच अंगावर चढवते, तो गेल्यापासून रोज. इतकी सवय झाली आहे की इथं लिहायचंही कधी सुचलं नाही.

"रोज घालतेस?"

"रोज."

"मला वाटायचं तुझाच आहे काहीतरी. इतके दिवस माझ्यासमोर हिंडत होता, आणि मला कळलं नाही." जवळ आले. कॉलर बघितली, बाह्या बघितल्या, मधलं बटण वेगळ्या रंगाचं आहे ते बघितलं.

मी म्हटलं, "बॅगेत टाकणारच होते."

"नको. मला दे."

तो शर्ट मी कुणाला देईन असं मला कधी वाटलं नव्हतं.

"तू होतीस ना इथं," म्हणाले. "तुला सांभाळायचं होतं. तू रडायचीस, मग मी कसा रडणार? म्हटलं, हिचं होऊ दे आधी. आता तू चाललीस. आता माझी पाळी, पोरी."

मी आत जाऊन शर्ट बदलला आणि तो त्यांना दिला. त्यांनी अंगातल्या कपड्यांवरूनच तो चढवला. त्यांचा पोरगा उंच होता, बाह्या बोटांच्या खाली आल्या. मी दुमडून दिल्या, आधी एक, मग दुसरी. ते खुर्चीत जाऊन बसले आणि रडायला लागले. मोठ्यानं, लहान मुलासारखे, माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन. मी स्टूल ओढून शेजारी बसले. उगी उगी म्हटलं नाही, आणि टीव्हीही लावू दिला नाही.

डॉक्टरांनी डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलं आहे, त्यामुळे पुसायचं काम माझ्याकडे होतं.